देव ताटकळला तो कार्तिक

कोजागिरीचं दूध पिऊन झालं की नागपूरची हवा पालटते. दिवसा ऊन तेवढंच असतं, पण पहाटे सक्करदऱ्याच्या तलावाकडून जो वारा येतो त्याला धार आलेली असते. पंखा एकवर ठेवावा की बंदच करावा, यावरून आम्हा नवराबायकोचं रोज जुंपतं. कोपऱ्यावर संत्र्यांचे ठेले लागतात आणि नुसतं शेजारून गेलं तरी सालीचा वास बोटांना लागल्यासारखा वाटत राहतो. कार्तिक आला हे मला कॅलेंडरनं कधी सांगावं लागलं नाही. गजर न लावता पहाटे डोळे उघडतात.

पूर्वी त्या जागं होण्यात सुख होतं. अंधारात पाय खाली टाकले की फरशीचा गारवा टाचेतून वर चढायचा. आंघोळ करून, स्वेटरवरून पदर घेऊन मी गल्लीच्या टोकाच्या देवळाकडे निघायची. रस्त्यावर दूधवाला आणि झाडू मारणाऱ्या बाया, एवढीच माणसं. आता डोळे उघडायच्या आधी राग जागा होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याशी, प्रशांतशी भांडते, पुण्यातल्या मुलीशी भांडते, कधी कधी देवाशीही. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या बाईनं दिवसाची सुरुवात अशी करावी, हे मला स्वतःलाच आवडत नाही. राग देवाच्याच कामाचा आहे अशी मनाची समजूत घालते आणि उठते.

आमच्या गल्लीतलं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ लहान आहे. दहा-बारा माणसं बसली की भरतं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथे रोज पहाटे काकडा होतो. आदल्या रात्री देवाला निजवून पडदा ओढलेला असतो. आपण अंधारात जायचं, पडद्याबाहेर बसून देवाला उठवायचे अभंग म्हणायचे. मग आमचे गुरव गोपाळराव पडदा सारतात, तुपात भिजवलेला कापडाचा पीळ पेटवून देवाला ओवाळतात आणि लोणी-साखरेचा नैवेद्य दाखवतात. तो जळता पीळ म्हणजे काकडा. उजाडायच्या आत देव उठला पाहिजे, एवढी एकच अट. देव झोपतो आणि त्याला आपण उठवतो, हे तर्काला धरून नाही हे मला कळतं. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवलं. रूपक म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण मी पहाटे उठून रूपक करायला जात नाही. मी खरंच देवाला उठवायला जाते.

आमच्यात गळा एकाच बाईला होता, कुसुमला. माझ्या घरापासून चौथ्या घरात ती राहायची, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. आवाज थोडा घोगरा, वरच्या पट्टीत जाताना किंचित फाटणारा. पण ती सुरू झाली की आमचे सगळ्यांचे बेसूर तिच्या मागे मुकाट चालायला लागायचे. तिचा भाऊ नरखेडकडच्या गावात संत्र्याची बाग करतो. कार्तिकात उतरणाऱ्या आंबिया बहाराची पहिली फळं तो एसटीनं पाठवायचा. कुसुम त्यातली दोन देवापुढे ठेवायची आणि एक परत येताना सोलून आम्ही दोघी चालता चालता खायचो. ते संत्रं इतकं गार असायचं की दात शिवशिवायचे.

आणि खाता खाता आम्ही भांडायचो. कुसुमचा नवरा गिरणीतल्या युनियनचा माणूस होता, मोर्चे काढण्यात त्याची हयात गेली. तो गेल्यावरही तिनं मत त्याच्याच बाजूला दिलं. मी माझ्या वडिलांच्या बाजूची. प्रत्येक निवडणुकीत आमच्या पक्षाच्या टेबलावर बसून मतदारांच्या चिठ्ठ्या शोधून देणारी. हे दोघींनाही माहीत होतं, गल्लीला माहीत होतं.

"तुमच्या लोकांनी तुरीची डाळ कुठं नेऊन ठेवली, पायलं का वं?" कुसुम म्हणायची.

"तुमचे होते तेव्हा काय फुकट भेटत होती?"

"फुकट नव्हती. पण तवा बोंबलता तरी येत होतं."

"मग आता काय करून राहिली तू?"

यावर ती हसायची आणि फोड माझ्या हातावर ठेवायची. भांडण तिच्या फाटकापाशी संपायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ती पुढे, मी मागे.

माझ्या मतांबद्दल मला कोणापुढे लाजावंसं वाटलेलं नाही. वडील तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर होते. ते म्हणायचे, जी गोष्ट आपल्या आधी पुष्कळ पिढ्यांनी जपली, ती मोडायच्या आधी तिच्यात काय होतं ते निदान नीट बघावं. मला ते पटलं आणि वय वाढलं तसं अधिकच पटत गेलं. घर टिकावं, लग्न टिकावं, थोरांसमोर आवाज चढू नये, सणाला सणासारखं करावं, देशाचं नाव निघालं की सरळ उभं राहावं. सरकारनं माणसाला ताठ उभं राहू द्यावं, त्याच्या हातावर सारखं काहीतरी ठेवून त्याला वाकवू नये. माझं राजकारण यातूनच आलं. वडिलांच्या देवघरातून आणि त्यांच्या जेवणाच्या पाटावरून आलं म्हणा.

माझी मुलगी मुग्धा पुण्यात असते. हुशार आहे, प्रेमळ आहे. पण माझ्या या सगळ्याकडे ती आजारासारखं बघते. मधुमेह असलेल्या माणसाशी जसं जपून बोलतात तसं बोलते. "आई, तू एवढी वाचणारी बाई आहेस, तरीसुद्धा?" या 'तरीसुद्धा'चा मला जेवढा त्रास होतो तेवढा शिवीचा झाला नसता. जणू वाचत गेलं की माणसानं अमुकच एका ठिकाणी पोहोचायचं असतं आणि मी वाटेत कुठेतरी बसून राहिले. मीही पोहोचलेच आहे, फक्त दुसऱ्या गावाला, हे तिला कितीदा सांगितलं. ती "बरं" म्हणते आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करते.

तर त्या वर्षी विधानसभेची निवडणूक नेमकी कार्तिकात आली.

प्रशांत आमच्या वॉर्डात पक्षाचं काम बघतो. मोबाइलचं दुकान आहे त्याचं. आठवीत माझ्या वर्गात होता, निबंध मोठ्या मनानं लिहायचा, शुद्धलेखन मात्र देवाच्या हवाली. मला अजून मॅडम म्हणतो. कोजागिरीच्या दोन-चार दिवसांनी तो घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, यंदा काकडा जरा मोठा करू म्हणतो. देवळावर स्पीकर लावतो. अख्ख्या वस्तीले ऐकू गेलं पाहिजे."

"वस्ती झोपलेली असते रे त्या वेळी. देवाला उठवायचं असतं, वस्तीला नाही."

"वस्तीलेही उठवा लागते ना मॅडम आता," तो म्हणाला. स्वतःचं वाक्य त्याला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या दोन्ही बाजूंना भोंगे लागले. त्यांतून कुसुमचा आवाज येणार नव्हता. कोणीतरी कुठेतरी ढोल-ताशावर बसवलेली गाणी येणार होती, ज्यांत देवाचं नाव कमी आणि दरडावणी जास्त. दारावर फलक आला. आचारसंहिता होती म्हणून त्यावर पक्षाचं नाव नव्हतं; काकड्याच्या शुभेच्छा होत्या आणि उमेदवाराचा हात जोडलेला फोटो होता, विठ्ठलाच्या दुप्पट आकाराचा. गोपाळरावांना मी विचारलं, तुम्हाला चाललं का हे? ते बिचारे भित्र्या स्वभावाचे. म्हणाले, "देवळाच्या छताचं काम करून देतो म्हणाले जी ते. पावसात गाभाऱ्यात गळते."

गळत होतं हे खरंच होतं. मी गप्प बसले नाही, पण बोलण्याला टोक आलं नाही.

कुसुम मात्र पहिल्या दिवशी स्पीकरकडे बघून म्हणाली, "इतक्या मोठ्यानं तर आमच्या मोर्च्यातही नाही ओरडले वं कोणी." आणि त्या गोंगाटात तिनं आपला अभंग धरला. आम्ही तिच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणत राहिलो. आठवडाभर असं चाललं. मला वाटलं, निवडणूक जाईल, भोंगे जातील.

मग उमेदवार येणार असं ठरलं. ते स्वतः काकडा ओवाळणार होते. त्या पहाटे मी देवळात गेले तर बाहेर मोटारसायकलींची रांग, गळ्यात दुपट्टे घातलेली पोरं, दोन कॅमेरेवाले, आणि त्यांच्या दिव्यांचा असा पांढरा झोत की पहाट आहे हेच कळेना. रस्ता भरला होता. खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. कितीतरी वर्षं आम्ही म्हणत होतो की तरुण माणूस देवळाकडे फिरकत नाही. आज फिरकला होता. चहाच्या कागदी कपांसकट का होईना.

आम्ही आत बसलो. अभंग म्हणून झाले. आता पडदा सारायचा. गोपाळराव उठले तसा प्रशांत आत वाकून म्हणाला, "काका, पाच मिनटं. भाऊ निघाले आहेत."

आम्ही आणखी एक अभंग म्हटला. मग आणखी एक. कुसुमला येत होते तेवढे संपले, तेव्हा तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. प्रशांत दर थोड्या वेळानं फोन कानाला लावून बाहेर जायचा आणि आत येऊन हाताची पाच बोटं दाखवायचा. तुपातला काकडा ताटात तसाच पडून होता. थंडीनं तूप थिजून पांढरं झालं. समोरच्या घराच्या गच्चीवर आधी राखाडी उजेड आला, मग पिवळा. शाळेची पहिली व्हॅन हॉर्न वाजवत गेली. कॅमेऱ्याचे दिवे उन्हात फिके पडले आणि पडद्याआड देव तसाच झोपलेला.

मी गोपाळरावांना म्हटलं, "सारा पडदा."

"आले की सारतो मॅडम."

"देव कोणासाठी थांबत नाही गोपाळराव."

"तो थांबून राहिला आहे जी," ते खाली मान घालून म्हणाले. उपहासानं नाही, साध्या माणसाला दिसेल तसं म्हणाले. आणि खरंच तो थांबला होता. एका माणसाची गाडी कुठल्याशा चौकात अडकली म्हणून आमच्या विठ्ठलाला ऊन वर येईपर्यंत निजवून ठेवलं होतं. ज्यांनी ठेवलं ते माझ्याच बाजूचे होते. धर्म वाचवायला निघालेले होते. तेव्हा मला जो संताप आला तो अजून पुरता विझलेला नाही. मुग्धासारखी माणसं देवाला मानत नाहीत, तेही मला समजू शकतं. पण देवाला मानतो म्हणून सांगायचं आणि त्याला ताटकळत ठेवायचं, हे कोणत्या आस्तिकाला शोभतं, मला कळत नाही.

उमेदवार आले. चांगले गृहस्थ वाटले, थकलेले. त्यांनी काकडा ओवाळला. कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा ओवाळला. मग त्यांच्या मागच्यांनी घोषणा दिली. पहिली देवाची होती, आम्ही सगळ्यांनी म्हटली. दुसरी देवाची नव्हती. माझ्या तोंडात ती घोषणा सभेत पुष्कळदा आली आहे. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर ती ओठाशी आली आणि तिथेच अडली. कुसुम तर हात जोडून नुसती उभी होती.

दुपट्टावाल्यांपैकी एक, आमच्या वस्तीतला नव्हता, तिच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज नाही आला."

"देवाचं नाव घेतलं न् बापू," कुसुम म्हणाली.

"हेही घ्या मग. का लाज वाटते?"

"देवळात देवाचंच घेतो मी."

तो बाकीच्यांकडे बघून हसला. "कळलं. तिकडच्या आहेत ह्या."

मी मध्ये पडले. वर्गात वापरायची तो आवाज काढून म्हटलं, "देवळात हजेरी घ्यायची पद्धत नाही. त्या इथे तुझ्या जन्माआधीपासून गातात."

पोरगा चपापला. प्रशांतनं घाईघाईनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा त्यानं मला नमस्कार केला. "माफ करा मॅडम. तुम्ही आपल्या आहात, म्हणून ऐकून घेतो."

लोणी-साखर न घेता कुसुम बाहेर पडली. मी तिच्या मागे गेले. फाटकापाशी ती थांबली. एरवी भांडण संपायची ती जागा.

"तो मूर्ख आहे," मी म्हटलं. "मनावर नको घेऊ."

"तुले त्यानं 'आपल्या' म्हटलं," ती म्हणाली. "मग मी कोणाची झाली वं?"

एवढं बोलून ती आत गेली. मशीनवर गणवेशाचा ढीग पडला होता. तिनं पायडल मारायला सुरुवात केल्याचा आवाज मी रस्त्यावरून ऐकला.

त्यानंतर कुसुम काकड्याला आली नाही.

मी प्रशांतच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नाही एवढं ठरवलं होतं, म्हणून एक बाई स्क्रीनगार्ड लावून घेईपर्यंत उभी राहिले. मग म्हटलं, भोंगे काढ, फलक काढ, आणि कुसुमच्या घरी जाऊन तिची माफी माग.

त्यानं स्टूल पुढे केलं. रागावला नाही. "मॅडम, भाऊंना उशीर झाला, मान्य. तो पोरगाही चुकला. पण एक सांगा, मागच्या साली काकड्याले कोण होतं? तुम्ही, कुसुमकाकू आन् चार म्हातारे. त्या दिवशी रस्त्यावर उभं राहायले जागा नव्हती. देऊळ जिवंत झालं का नाही झालं?"

"पोरं देवासाठी आली होती का?"

"कशासाठीही येवोत, आली ना जी. आज भाऊंसाठी आली, उद्या देवासाठी येतील. तुम्हीच तर वर्गात सांगत होत्या, आपलं आपण नाही जपलं तर कोण जपेल म्हणून."

हे मी सांगत होते. निबंधाच्या तासाला फळ्यावर लिहूनही दिलं असेल. माझंच वाक्य घेऊन तो माझ्यासमोर बसला होता आणि त्यात खोट नव्हती. मला त्याचा राग आला, आणि राग येऊनही तो मला परका वाटेना, याचा आणखी राग आला. शेवटी म्हटलं, मतदानाच्या दिवशी मी टेबलावर बसणार नाही. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्ही नाही बसल्या तर लोक काय समजतील?" तेवढीच त्याला काळजी. मी काय समजले, ते त्यानं विचारलं नाही.

उद्याच्या पोरांचं सांगते. दुसऱ्या दिवशी एकही आलं नाही.

मतदान शाळेतच होतं, माझ्याच जुन्या शाळेत. आमच्या पक्षाच्या टेबलासमोरून मी न बोलता गेले आणि आत जाऊन मत त्यांनाच दिलं. माझी मतं प्रशांतनं मला दिलेली नव्हती, तेव्हा त्याच्यावर रागावून ती टाकून देणं मला बालिश वाटलं. शिवाय दुसऱ्या बाजूला जे होतं तेही मला पटत नव्हतं. तिथे माझ्या देवाला ताटकळत ठेवायला कोणी नव्हतं, पण देवाला हसणारे होते. त्या वर्षी दोन्ही बाजू बायकांच्या खात्यात पैसे टाकायची भाषा करत होत्या, आणि वडिलांचं बोलणं दोन्हींपैकी एकाच्याही गावी नव्हतं. बटण दाबून बाहेर आले तेव्हा बोटावर शाई होती आणि मन इतकं आंबलं होतं की कोणाशी बोलावंसं वाटेना.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. मी टेबलावर बसले नाही हे तिला तिच्या बाबांनी सांगितलं होतं.

"आई, मला तुझा फार अभिमान वाटला," ती म्हणाली. "शेवटी तुला दिसलं ना?"

"काय दिसलं?"

"हेच. ही माणसं कशी आहेत ते."

"मुग्धा, मी मत त्यांनाच दिलंय."

 मग ती म्हणाली, "मला तू खरंच कळत नाहीस गं."

"कळायला विचारावं लागतं. तू निदान करतेस."

आम्ही दोघींनी फोन ठेवला. नवरा पेपरमागून म्हणाला, देवाचं देवाजवळ ठेव आणि राजकारण सोडून दे. त्याला असं वाटतं की ही दोन वेगवेगळी कपाटं आहेत आणि मी चुकून एकाचे कपडे दुसऱ्यात ठेवते. माझं एकच कपाट आहे. ते दुसऱ्यांनी येऊन उचकलं, ही माझी तक्रार.

उमेदवार निवडून आले. छताचं काम अर्धं झालं. फलक ऊन-पावसानं फाटला. भोंगे मात्र राहिले. प्रशांतनं त्यांना टायमर बसवला. आता पहाटे कोणी आलं नाही तरी ठरल्या वेळी गाणी सुरू होतात. त्या आवाजात म्हातारी माणसं अभंग म्हणेनाशी झाली. म्हटलेलं ऐकूच येत नाही तर म्हणायचं कशाला. एकेक जण गळत गेला. कुसुमच्या मुलानं शहराच्या कडेला, बेशाला फ्लॅट घेतला आणि ती शिलाई मशीनसकट तिकडे गेली. यंदा कोजागिरी झाली तेव्हा देवळात मी आणि गोपाळराव एवढेच होतो. वरून ढोल वाजत होते.

गेल्या आठवड्यात मी पहाटे ऑटो करून बेशाला गेले. बेसा म्हणजे जिकडे तिकडे नवे टॉवर आणि अर्धवट रस्ते. लिफ्टनं वर गेले. कुसुमनं दार उघडलं, आश्चर्य काही दाखवलं नाही. स्वयंपाकघरातल्या कप्प्यात तिनं देव मांडला होता, पुढे रुमालाचा पडदा. मुलगा-सून झोपलेले, म्हणून तिनं अगदी हलक्या आवाजात धरलं. घोगरेपणा वाढला आहे. दोघींनी म्हटलं, वातीचा छोटा काकडा ओवाळला. खिडकीतून अजून अंधारच दिसत होता.  मी म्हटलं, "मी रोज येत जाईन इथं."

तिनं चहा गाळला. "महापालिकेची निवडणूक येऊन राहिली म्हणते सून. बसशील टेबलावर?"

"नाही."

"आन् मत?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्यांनाच जाईल बहुतेक."

 मला वाटलं, आता ही मला जायला सांगेल.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुझं मत तुझ्यापाशी. त्यानं मले काही होत नाही. पण मग तू इथं काहून येऊन राहिली शोभा?"

"म्हणजे?"

"मले तिथं कोणी ऐकत नाही. मी तिकडची. तुले ऐकतात, तू आपली आहे त्यांची. मग भांड न् तिथं जाऊन. इथं माह्या किचनमधी बसून तू कोणाले उठवून राहिली?"

"तू येशील का, मी भोंगे काढले तर?"

"ते मी नाही सांगत," कुसुम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माघारही नव्हती. "उद्यापासून इकडं नको येऊ. संध्याकाळी ये, गप्पा मारायले ये."

परतीच्या ऑटोत मला रडू आलं. थोडं तिच्या बोलण्याचं, जास्त ती खरं बोलली त्याचं.

दुसऱ्या दिवशी मी देवळात जाऊन भोंग्यांचा प्लग ओढला. एकदम इतकी शांतता झाली की गोपाळराव दचकले. मी माझ्या फाटक्या सुरात म्हटलं, त्यांनी साथ दिली. दिवसभरात प्रशांतला कळलं. संध्याकाळी प्लग पुन्हा लागला होता. मी पुन्हा काढला. मग त्यानं बोर्डावर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातलं.

आज पहाटे मी त्याच्या घरी गेले. बेल वाजवत राहिले. तो अंगावर चादर ओढून दारात आला, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या घरी काही बरंवाईट झालं की काय, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, किल्ली घे आणि चल. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा अंधाराकडे बघितलं. त्या घटकेला तो कधी बाहेर पडलेला नव्हता, हे त्याच्या कुडकुडण्यावरून दिसत होतं. पण आला.  भोंग्यांतून ढोल वाजत होते, कुत्री भुंकत होती. पायऱ्यांशी पोहोचल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली आणि हातातच धरून ठेवली.

"मॅडम, एक विचारू? रागवू नका. तुम्ही मत आपल्याले देता, भांडता आपल्याशीच. नेमक्या कोणाच्या बाजूनं आहात तुम्ही?"

आत गोपाळराव पडद्यापाशी उभे होते. तूप अजून पातळ होतं. प्रशांतचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

मी म्हटलं, "आधी पायातली चप्पल काढ."